1878 चा मॉर्गन डॉलर : आठावर सात पिसे, की नुसती सात?

तपासणीसाठी आलेले नाणे म्हणजे 1878 चा मॉर्गन डॉलर, मागच्या बाजूला गरुड असलेले अमेरिकेचे चांदीचे नाणे. मागच्या बाजूला हाराखाली टांकसाळीचे अक्षर नाही, म्हणजे नाणे फिलाडेल्फियाचे. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटावर पेनाने दोन दावे लिहिलेले होते : '7/8 पिसे', म्हणजे गरुडाच्या शेपटीत आठ पिसांवर उमटलेली सात, आणि 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे चलनात न फिरलेले. किंमतही त्याच हिशेबाने लावलेली होती. याच नाण्याला आधी दुसऱ्या एका जाणकाराने एक्सएफ-45 ('एक्स्ट्रीमली फाइन', म्हणजे चलनात फिरून थोडे झिजलेले) असा ग्रेड दिला होता, कारण त्याच्या मते गरुडाची छाती झिजून सपाट झाली होती. एकाच्या मते नाणे कोरे, दुसऱ्याच्या मते चांगलेच वापरलेले. चुकले दोघांचेही, आणि चुकण्याचे मूळही एकच : नाणे कोणत्या हबचे, म्हणजे चित्राच्या कोणत्या मूळ ठशाचे, आहे हे न ठरवता ग्रेड ठरवला गेला. 1878 च्या डॉलरमध्ये आधी प्रकार आणि मग ग्रेड, हा क्रम सोडून चालतच नाही.

त्या वर्षी टांकसाळीत काय झाले

28 फेब्रुवारी 1878 रोजी राष्ट्राध्यक्ष हेज यांचा नकाराधिकार डावलून अमेरिकन काँग्रेसने ब्लँड-ॲलिसन कायदा मंजूर केला. सरकारने दरमहा 20 ते 40 लाख डॉलरची चांदी विकत घ्यायची आणि तिचे डॉलर पाडायचे, असा तो कायदा. टांकसाळीला श्वास घ्यायलाही उसंत उरली नाही. जॉर्ज टी. मॉर्गन यांच्या आराखड्याची पहिली नाणी 11 मार्चला फिलाडेल्फियात पडली. त्यांच्यावर गरुडाच्या शेपटीला आठ पिसे होती. थोड्याच काळात आराखड्याचा उठाव कमी करण्यात आला आणि पिसे सात झाली. आता प्रश्न आला तो आठ पिसांच्या तयार डायचा, म्हणजे ज्यांनी नाणी ठोकतात त्या साच्यांचा.

हब आणि डाय यांत गल्लत होऊ देऊ नये. हबवरचे चित्र नाण्यासारखेच उठावाचे असते. हब मऊ पोलादावर दाबला की डाय तयार होते आणि तिच्यावर तेच चित्र खोलगट आणि उलटे उमटते. फिलाडेल्फियात आठ पिसांच्या काही डायवर सात पिसांचा हब पुन्हा दाबला गेला. जुनी पिसे सगळीकडे पुरती बुजली नाहीत. त्यांची टोके नव्या पिसांच्या खालून डोकावत राहिली. '7/8' म्हणतात ते यालाच. प्रत्येक डायवर किती टोके उरली आणि किती स्पष्ट उरली हे वेगवेगळे आहे, म्हणून संग्राहक त्यांत 'स्ट्राँग' आणि 'वीक' असा भेद करतात.

त्याच वर्षी पुढे सात पिसांचाच आणखी एक सुधारलेला हब आला. म्हणजे 1878 च्या फिलाडेल्फिया डॉलरच्या मागच्या बाजूचे मूळ हब तीन :

- ए हब : आठ पिसे.
- बी हब : सात पिसे, छाती सपाट, बाणांच्या पिसाऱ्यातले सर्वांत वरचे पीस बाणाच्या दांड्याला समांतर. याला 'रिव्हर्स ऑफ 1878' म्हणतात.
- सी हब : सात पिसे, छाती गोल फुगीर, वरचे पीस दांड्याशी तिरके. हाच पुढच्या वर्षी नेहमीचा झाला, म्हणून नाव 'रिव्हर्स ऑफ 1879'.

7/8 म्हणजे ए हबवर बी हब. सी हबचे नाणे 7/8 असूच शकत नाही. ही एक गोष्ट पक्की ठेवली तर बाजारात 7/8 म्हणून दाखवली जाणारी कित्येक नाणी शेपटीकडे न बघताच बाजूला करता येतात.

खरे-खोटे, आणि पाकिटाचा हिरवा थर

खरेपणाच्या चाचण्या चटकन उरकल्या. प्रमाण वजन 26.73 ग्रॅम, व्यास 38.1 मिलिमीटर, चांदी 90 टक्के आणि तांबे 10 टक्के. हे नाणे 26.66 ग्रॅम भरले. बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात टांगले, चिकटलेले बुडबुडे ब्रशने सोडवले, आणि वजनात 2.58 ग्रॅमची घट दिसली. 26.66 ला 2.58 ने भागले की घनता 10.33 येते. 90 टक्के चांदीला ती 10.3 च्या आसपासच यायला हवी. व्यास बरोबर, काठावरच्या खाचा सारख्या, काठावर जोड नाही. पितळेवर मुलामा दिलेली नकली नाणी वजनात किंवा घनतेत सापडतात. वजन जुळवायला जाड केलेले नकली नाणे घनतेत हमखास फसते. हे नाणे अस्सल आहे.

खरी अडचण पाकिटाची होती. मऊ, वास येणारे प्लॅस्टिक बहुधा पीव्हीसी असते. ते वर्षानुवर्षे मऊपणा देणारी द्रव्ये सोडत राहते आणि नाण्यावर हिरवट चिकट थर बसतो. इथे तो नेमका शेपटीच्या टोकांपाशी आणि बाणांच्या खाचांत साचला होता. भिंगाखाली अशा थराची कड पिसाच्या टोकासारखी भासते. तो काढल्याशिवाय प्रकार ठरवणे म्हणजे अंदाजपंचे.

यासाठी शुद्ध ॲसिटोन घ्यावे. नेलपॉलिश काढायचे द्रावण चालत नाही, त्यात तेल, रंग आणि सुगंध मिसळलेले असतात. काचेच्या बशीत नाणे पूर्ण बुडेल इतके ॲसिटोन ओतून दहा मिनिटे ठेवायचे, मग ताज्या ॲसिटोनच्या दुसऱ्या बशीत हलवायचे, आणि गरज वाटली तर तिसऱ्या. शेवटी काठाला धरून उभे करून वाळू द्यायचे. कापड, कापूस, बोट काहीही पृष्ठभागावर फिरवायचे नाही. थर घासून काढण्याच्या नादात नाण्यावर कायमचे ओरखडे पडतात. खिडकी उघडी आणि जवळपास ज्योत नाही, एवढी काळजी घ्यावी. ॲसिटोन चांदीला लागत नाही आणि तिची जुनी काळसर छटाही उतरवत नाही. म्हणून याला 'क्लिनिंग' धरत नाहीत. चांदी चकाचक करणारे दुकानी द्रावण ही वेगळी गोष्ट : ते आम्लयुक्त असते, वरचा थर खाते, आणि फार वेळ किंवा पुन्हापुन्हा बुडवले तर धातू मेल्यासारखा पांढरा दिसू लागतो.

शेपटीखालची ती टोके

थर निघाल्यावर 10 पट भिंगाखाली आधी शेपटी न बघता बाण बघितले. वरचे पीस दांड्याला समांतर. म्हणजे बी हब, आणि 7/8 ची शक्यता अजून जिवंत.

पिसे मोजताना डावीकडून उजवीकडे मोजत गेले तर कडेची अरुंद पिसे सुटतात. सोपी खूण मध्याची : सात असतील तर एक पीस बरोबर मध्यावर येते, आठ असतील तर मध्यावर दोन पिसांमधली फट येते. इथे मध्यावर पीस होते. नाणे सातांचेच.

आता दावा ज्या खुणांवर उभा होता त्या खुणा. डावीकडच्या दोन पिसांच्या टोकांशी एक पातळ पायरी दिसत होती, आणि शेपटीखाली मोकळ्या जागेत एक छोटी उंच रेघ. विकणाऱ्याने या दोन्हींना जुन्या पिसांची टोके धरले होते.

पायरी आधी तपासली. हबच्या दुहेरी दाबामुळे आलेला दुहेरीपणा गोलाई असलेला असतो. दुसऱ्या आकाराला स्वतःची उंची असते, टोकाशी स्पष्ट फाटा पडतो आणि मूळ आकार जाड झालेला दिसतो. यंत्रातल्या ढिलाईने आलेला दुहेरीपणा वेगळा : ठसा बसल्यावर सैल डाय जरा सरकते आणि उमटलेला धातू बाजूला चेपते, म्हणून सपाट, चकाकणारी, जमिनीलगतची पायरी उरते आणि मूळ आकार उलट बारीक होतो. इथली पायरी सपाट होती आणि त्या दोन पिसांची टोके बाकीच्यांपेक्षा अरुंद. शिवाय 'डॉलर' या शब्दाच्या अक्षरांवर तीच पायरी त्याच दिशेला दिसत होती. पूर्ण डाय सरकली की असेच होते. जुन्या पिसांचा अवशेष असता तर तो शेपटीपुरता आला असता, शब्दावर त्याच मापाने आला नसता.

उंच रेघेचा उलगडा दुसऱ्या वाटेने झाला. दोन डायच्या मध्ये नाण्याची कोरी चकती न येता त्या एकमेकींवर आपटल्या ('डाय क्लॅश') की समोरच्या बाजूच्या चित्राची कड या बाजूच्या डायवर उमटते, आणि तिथून पुढच्या प्रत्येक नाण्यावर येते. मॉर्गन डॉलरच्या शेपटीच्या आसपासची जागा अशा खुणांसाठी प्रसिद्धच आहे. 1889-ओ आणि 1891-ओ या न्यू ऑर्लीन्सच्या नाण्यांच्या एका प्रकारात तर दर्शनी बाजूच्या 'लिबर्टी' मधला 'ई' चक्क शेपटीपाशी वाचता येतो. या नाण्यावर अक्षर नाही, पण रेघ कोणत्याही पिसाच्या अक्षाशी जुळत नव्हती, आणि दर्शनी बाजूला गळ्यासमोर पंखाच्या कडेशी जुळणारी दुसरी पुसट रेघ सापडली. एकाच आपटण्याचे दोन्हीकडे उमटलेले हे पुरावे.

शेवटची कसोटी पायांची. खऱ्या 7/8 नाण्यांत शेपटीपेक्षा पाय जास्त बोलतात. ए हब आणि बी हब यांतली पायांची ठेवण नेमकी एकावर एक बसत नाही, त्यामुळे गरुडाच्या पायांच्या कडेला दुहेरी रेषा येते. टोके पुसट झालेल्या 'वीक' नाण्यांत बहुतेक वेळा हाच पुरावा हाती लागतो. इथे दोन्ही पायांच्या कडा एकेरी आणि स्वच्छ होत्या.

निष्कर्ष : 1878 फिलाडेल्फिया, सात पिसे, रिव्हर्स ऑफ 1878. पाकिटावरचा पहिला दावा टिकला नाही.

सपाट छाती आणि ग्रेड

प्रकार नक्की झाल्यावर एक्सएफ-45 वालाही दावा कोसळतो. बी हबमध्ये छाती मुळातच सपाट आहे. सी हबची गोल छाती डोळ्यांत बसलेली असेल तर बी हबचे कोरे नाणेसुद्धा झिजलेले वाटते. पुढे 1879-एस (सॅन फ्रान्सिस्को) आणि 1880-सीसी (कार्सन सिटी) यांतही काही नाणी याच जुन्या हबवर पडली. त्यातले 1879-एस जास्त फसवते, कारण त्या वर्षीचे सॅन फ्रान्सिस्कोचे ठसे ठसठशीत म्हणून ओळखले जातात. सपाट छाती दिसली की ठसा कमकुवत ठरवून नाणे खाली ढकलले जाते, आणि ज्याला बाणाचे पीस बघायची सवय आहे तो ते स्वस्तात उचलतो.

तेव्हा बी हबवर झीज शोधायची ती दर्शनी बाजूला कानावरच्या केसांत, कपाळाजवळच्या केसांत, गालावर आणि टोपीच्या उंच कडेवर. मागच्या बाजूला पंखांच्या वरच्या कडा आणि पायांचा वरचा भाग बघायचा. छातीला इथे साक्षीला बोलवायचे नाही.

खोलीतले बाकीचे दिवे बंद, टेबलावर एकच दिवा, नाण्यापासून साधारण 30 सेंटिमीटरवर. नाणे काठांना धरून हळूहळू कलते करत फिरवायचे. ठसा बसताना धातू मध्यापासून कडेकडे वाहतो आणि त्याच्या अतिसूक्ष्म रेषांवरून परतणारा प्रकाश चाकाच्या आऱ्यांसारखा फिरतो. ही फिरती झळाळी जिथे तुटते तिथे घर्षण झालेले असते. या नाण्यावर मागच्या बाजूला झळाळी जवळजवळ अखंड, फक्त पायांच्या वरच्या भागावर तुटलेली. दर्शनी बाजूला गालावर आणि कानावरच्या केसांवर राखाडी, मंद डाग, आणि चेहऱ्यासमोरच्या मोकळ्या जागेतही झळाळी अर्ध्याहून थोडीच जास्त उरलेली.

कानावरच्या केसांबद्दल थोडे थांबावे, कारण तिथे ठशाचा कमकुवतपणा आणि झीज यांची सर्वांत जास्त गल्लत होते. ठसा पूर्ण न बसल्यास त्या जागी चकतीचा मूळ खडबडीतपणा, ठशाआधीचे बारीक खड्डे आणि ओरखडे तसेच राहतात, आणि त्यांवर झळाळी असते. झीज असेल तर तिथला पृष्ठभाग गुळगुळीत होतो, रंग आजूबाजूपेक्षा मळकट होतो. इथे केसांच्या दोन बटांमध्ये चकतीचे खड्डे शिल्लक होते, म्हणजे ठसाही जरा हलका. पण बटांचे माथे गुळगुळीत आणि राखाडी. दोन्ही कारणे एकाच जागी.

गालावरच्या खुणांतही भेद करावा लागतो. हे डॉलर 1000 च्या कापडी पिशव्यांत भरले जात. अशी एक पिशवी जवळपास 27 किलोची. पिशव्या फेकताना, रचताना नाणी एकमेकांवर आपटत आणि धारदार, चकाकणारे टोचे पडत. त्यांना झीज धरत नाहीत. कोऱ्या नाण्यांमध्ये एमएस ('मिंट स्टेट') 60, 63, 65 असा ग्रेड मुख्यत्वे अशा खुणांच्या संख्येवर, आकारावर आणि जागेवर ठरतो, आणि गालावरची खूण सर्वांत महाग पडते. या नाण्याच्या गालावर असे टोचे होतेच, पण त्यांच्या कडा बोथट झालेल्या होत्या. पिशवीत टोचे पडले आणि नंतर नाणे हातोहात फिरले, असा त्याचा अर्थ. झळाळीच्या प्रमाणावरून ग्रेड आला एयू-55 ('अबाउट अनसर्क्युलेटेड', म्हणजे जवळजवळ कोरे). एमएस तर नाहीच, 58 लाही दर्शनी बाजूची मोकळी जागा आड येते.

रेषा : उंच की खोल

पृष्ठभागावरच्या बारीक रेषांचा निकाल अजून बाकी होता. मागच्या बाजूला पंखाखाली समांतर रेषांचा झुपका होता, दर्शनी बाजूला चेहऱ्यासमोर अर्धवर्तुळाकार रेषा. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच.

डाय घासून साफ केली की तिच्यावर ओरखडे पडतात आणि नाण्यावर ते उंच रेषा होऊन येतात. 1878 च्या घाईत डायवर इतके काम झाले की अशा रेषा त्या वर्षीच्या नाण्यांवर नेहमी दिसतात. त्यांनी ग्रेड घटत नाही. नाणे पुसल्याने पडलेल्या केसरेषा मात्र खोल असतात आणि त्यांनी नाण्याची पत जाते. ओळखण्याची रीत : रेष एखाद्या अक्षरापर्यंत किंवा पिसापर्यंत माग काढत न्यावी. डायवर मोकळी जागा हाच सर्वांत उंच भाग असतो, म्हणून घासण्याचे ओरखडे तिथेच पडतात आणि नाण्यावरची रेष अक्षराच्या पायथ्याशी थांबते. कापडाची रेष अक्षरावर चढून पलीकडे उतरते.

पंखाखालच्या रेषा पिसांच्या कडेला थांबल्या. चेहऱ्यासमोरच्या रेषा मात्र नाकाच्या शेंड्यावरून आणि दोन चांदण्यांच्या टोकांवरून सरळ पुढे गेल्या. कोणीतरी कधीतरी दर्शनी बाजू कापडाने गोलाकार पुसली आहे. व्यावसायिक ग्रेडिंग कंपनीकडे पाठवले तर आकडा मिळणार नाही, 'एयू डिटेल्स, क्लिन्ड' असा शेरा येईल, आणि पाठवण्याचा खर्च नाण्याच्या वाढीव किमतीतून भरून निघणार नाही. पाठवू नये हेच उत्तर.

व्हॅम क्रमांक काढावा का

लेरॉय व्हॅन ॲलन आणि ए. जॉर्ज मॅलिस यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून व्हॅम हे नाव पडले. दर्शनी आणि मागच्या डायच्या प्रत्येक वेगळ्या जोडीला, वर्ष आणि टांकसाळ धरून, एक क्रमांक. 1878 च्या फिलाडेल्फियासाठी हे क्रमांक इतके आहेत की नवख्याने तिथून सुरुवात करू नये. काहींना मोठा मान आहे : 7/8 मधला व्हॅम-44, ज्याच्या दर्शनी बाजूला कापसाची बोंडे तिहेरी दिसतात, त्याला संग्राहक 'किंग ऑफ व्हॅम्स' म्हणतात. आठ पिसांतला 'वाइल्ड आय', म्हणजे व्हॅम 14-11, डोळ्यापाशी डायवर राहिलेल्या रेषांसाठी शोधला जातो. पण साध्या बी हबच्या बहुतेक जोड्यांना क्रमांकामुळे वेगळी किंमत येत नाही, आणि पुसलेल्या नाण्याला तर नाहीच.

किती नाणी पाडली या आकड्यावरही दुर्मिळता मोजू नये. 1878 मध्ये फिलाडेल्फियाने सुमारे 1 कोटी 5 लाख डॉलर पाडले, त्यात आठ पिसांचे साधारण साडेसात लाख. पण 1918 च्या पिटमन कायद्याखाली 27 कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले आणि कोणत्या वर्षाचे किती गेले याची नोंद ठेवली गेली नाही. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटिशांना विकली गेली ती हिंदुस्थानसाठी. युद्धकाळात इथे रुपयाच्या नाण्यांची टंचाई होती, आणि मुंबई व कलकत्त्याच्या टांकसाळींत त्या चांदीचे रुपये पडले. पंचम जॉर्जच्या त्या काळच्या रुपयांत एके काळचे मॉर्गन डॉलर मिसळलेले आहेत, मात्र कोणत्या वर्षांचे ते आता कोणत्याही तक्त्यावरून काढता येणार नाही.

नाणे कडक, पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकच्या कॅप्सूलमध्ये ठेवले. नोंद अशी : '1878 फिलाडेल्फिया, 7 पिसे, रिव्हर्स ऑफ 1878, डाय क्लॅश, एयू डिटेल्स, दर्शनी बाजू पुसलेली'. जोडीला चार जवळून घेतलेले फोटो : बाणाचे वरचे पीस, शेपटीची टोके, दोन्ही पाय, आणि तारखेचे आकडे काठाच्या दात्यांसह. पुढे कोणाला व्हॅम क्रमांक काढायचाच असेल तर हे फोटो कामी येतील.